दिव्यानंतरची नावं

आमच्या घरात प्रत्येकाला दोन नावं होती, एक दिवसाचं आणि एक दिवे लागल्यानंतरचं. दिवसाचं नाव बारशातलं, शाळेच्या पटावरचं. दिव्यानंतरचं नाव स्वयंपाकघरातून उचललेलं. मी टोपली, बाबूजी गडवा आणि आई चुल्हा. आईनं कंदिलाची काच राखेनं पुसून वात पेटवली आणि तुळशीकडे हात जोडले, की तिथून उजाडेपर्यंत कुणी कुणाला खऱ्या नावानं हाक मारायची नाही. कारण तलावाच्या पलीकडे घुबड बसलेलं असतं. त्यानं एकदा नाव ऐकलं की ते घोकत बसतं, आणि जसजसं घोकतं तसतसा त्या नावाचा माणूस वाळत जातो. हा समज साऱ्या गावाचा होता. बाकीचे लोक 'ए' आणि 'अवो' करून वेळ भागवत. टोपली-गडवा ही युक्ती मात्र आमच्या आईची. 'टोपले, गडव्याले जेवाले बलाव' हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं, की त्यात हसण्यासारखं काही आहे हे शाळेतल्या मैत्रिणीनं सांगितलं तेव्हा मला कळलं.

तिरोड्याकडून नागझिऱ्याच्या जंगलाकडे निघालं की धानाच्या बांध्या संपतात आणि मोहाची झाडं सुरू होतात. त्या सांध्यावर आमचं गाव, आणि घरापासून शंभर पावलांवर तलावाची पाळ. आम्ही पोवार. घरात पोवारी चाले, गावात झाडी, आणि गोंदियाला गेलं की हिंदीशिवाय पान हलत नसे. इथं मी घरातलं बोलणंही गावच्याच बोलीत लिहिते आहे, कारण माझ्या नातवाला पोवारी येत नाही आणि हे सारं त्याच्यासाठीच चाललंय. तो मोबाइलवर घुबडाचे फोटो दाखवतो, एका मिनिटात चाळीस, आणि विचारतो, 'आजी, यात एवढं काय आहे?' बाळा, माझ्याकडे सतरा होते. त्यातले बारा मी वाया घालवले.

मी नववीत होते. विज्ञानाच्या गुरुजींनी प्रतिध्वनी शिकवला होता. धान कापणीचे दिवस. आई बांधीतून परतताना तलावावर हातपाय धुवायला थांबली, मी पाणी सोडायच्या दगडी तुडुमावर चढले. पलीकडे जंगलाचा काळा काठ, मध्ये सपाट पाणी. गुरुजींचं म्हणणं खरं की खोटं ते पाहायचं होतं. तोंडाजवळ हात धरले आणि जे पहिलं नाव जिभेवर आलं ते ओरडले, 'पारबताऽऽ!' आईचं नाव. लेकीनं आईला नावानं हाक मारायची म्हणजे आगाऊपणाच, आणि त्याचीच मला गंमत वाटत होती. तीनदा ओरडले. तिन्ही वेळा पाण्यावरून नाव परत आलं. मी टाळ्या पिटल्या. आणि मग, सारं शांत झाल्यावर, पलीकडून खोल, पोकळ आवाज आला. हूऽऽ, हू-हू. पुन्हा हूऽऽ, हू-हू. माझ्या हाकेच्याच चालीत. आईच्या हातातला गडू सुटून पायऱ्यांवरून गडगडत पाण्यात गेला. तो काढायलाही ती वाकली नाही. दिवे लागून गेले होते हे मला तेव्हा दिसलं. गावात दोन-तीन घरांतून उजेड होता. 'चाल,' एवढंच ती म्हणाली. वाटेत मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर तिला संध्याकाळचा ताप येऊ लागला. मग खोकला. पौषात तिच्या हातांतल्या बांगड्या सैल झाल्या, आणि तिरोड्याच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढून क्षय असल्याचं सांगितलं. गोळ्या रोज खायच्या, एक दिवस चुकवायचा नाही, आणि पोटभर जेवायचं. मग बाई ठणठणीत होईल. बाबूजींनी ते डॉक्टरकडून दोनदा वदवून घेतलं. घरी येऊन त्यांनी गोळ्यांचा डबा देवाच्या फळीवर ठेवला, रोज सकाळी स्वतः तिच्या हातावर गोळ्या ठेवायचे आणि पाण्याचा पेला धरून उभे राहायचे. स्वयंपाक माझ्याकडे आला. आईच्या हातचं लाखोरीचं वरण, वरून लसणाची फोडणी, आणि पाट्यावर वाटलेली सुक्या झिंग्यांची चटणी. त्या वासानं शेजारचे लोक कुंपणापाशी घुटमळायचे. माझ्या हातचा भात एक दिवस गिजगोळा, एक दिवस कच्चा. आई दोन घास खायची आणि ताट सारायची. मला वाटे, माझा स्वयंपाकच वाईट. आणखी मन लावून करायची. ती आणखी वाळायची.

माघ संपता संपता धान काढायला मी ढोलीत, म्हणजे आमच्याकडच्या कणगीत, हात घातला आणि दाण्यांत काहीतरी फडक्याची गाठ लागली. सोडली. आत गोळ्या. पांढऱ्या, लाल, ओठांची ओल लागून रंग उतरलेल्या. दोन महिन्यांच्या असतील. मग गाठ तशीच घेऊन तिच्या खाटेपाशी गेले.

'आई, हे का वो?'

तिनं गाठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. 'गडव्याले नको सांगू,' म्हणाली. दिवसाढवळ्या ती बाबूजींना गडवा म्हणाली.

'कायले नाही खाल्ल्या?'

'ज्याले बलावनं आलं, त्यानं गोळ्या खाऊन का करावं? रोज सांजच्या पारी नाव घेऊन राहिलं ते. आयकत नाहीस का तू?'

मी ऐकत होते. साऱ्या गावाला ऐकू येत होतं. आधी महिन्यातून एखाद्या वेळी येणारा आवाज त्या हिवाळ्यात रोज यायचा, दिवे लागताना आणि उजाडताना. हूऽऽ, हू-हू. बायका मोजत बसायच्या. कुणाचं नाव घेतंय, कुणी घेतलं त्याच्यासमोर, याची कुजबुज होती. बाबूजींनी आईला सरळ विचारलं तेव्हा मी दाराआड उभी होते. 'तुह्यं नाव कोनी घेतलं होतं तऱ्याच्या पाळीवर?' आई क्षणभरही थांबली नाही. 'मीच मंतली असंन. याद नाही.' मी पुढं आलेच नाही. आयुष्यात मी काही चांगली कामं केली, काही वाईट केली, पण त्या दाराआड उभं राहण्याची लाज अजून जात नाही.

फाल्गुनात बाबूजींनी सांगून टाकलं. जंगलापलीकडच्या गावचा एक जाळंवाला आहे, पाखरं धरण्यात हुशार. तो अमावसेला येईल, घुबड धरून मारील आणि काम मिटेल. बाबूजी भोळे नव्हते. ढोलीतल्या गोळ्यांचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. पण डॉक्टर झाला, गोळ्या झाल्या, बायको तर डोळ्यांदेखत संपत होती, आणि हात बांधून बसणं त्यांना जमत नव्हतं. आईनं ते ऐकलं आणि पहिल्यांदाच खाटेवर उठून बसली. 'नोको,' म्हणाली. 'ते मेलं त माह्यं नाव तोंडात घेऊनच मरंल. मंग कोनाच्यानं सोडवनं होनार नाही.' बाबूजींनी मान फिरवली. मला मात्र कळलं की अमावसेला एक नाही, दोन जीव जातील. ते खरं की खोटं हा प्रश्नच नव्हता. आई ते खरं मानत होती, आणि मरायला तेवढं पुरेसं होतं.

त्या घुबडाला कुणी पाहिलंच नव्हतं. आवाज सगळ्यांनी ऐकलेला, तोंड कुणाला माहीत नाही. ज्याला तोंड नाही त्याचंच भय फार. आमच्या भिंतीवर आजोबांचा, म्हणजे आईच्या वडिलांचा फोटो होता. सासरच्या त्या घरात आई त्या फोटोशीच काय ते मोकळं बोलायची. तिला सांगितलेलं खोटं वाटे, वाचून दाखवलेलं खोटं वाटे, पण फोटो कधी खोटा वाटला नाही. आणि तो फोटो काढणारा माझा मामा गोंदियाला एका स्टुडिओत कामाला होता. शिमग्याला तो बहिणीला भेटायला आला, तिला पाहून अंगणात जाऊन रडला, आणि डोळे पुसत असतानाच मी त्याला गाठलं.

'मामाजी, मले कॅमेरा पायजे. पंधरा दिवस.'

'पागल हो गई क्या? ये खिलौना नहीं है, देवका.'

मी त्याला सगळं सांगितलं. हाकेचंही. तो पहिला माणूस. त्यानं बिडी न पेटवताच खिशात घातली आणि गोंदियाची एसटी धरली. मग चौथ्या दिवशी एसटीनं परत आला तो पिशवीत जुना कॅमेरा आणि लांब नळीची लेन्स घेऊन. 'नवा रोल नाही देत,' म्हणाला. 'एका लग्नाचा रोल हाये, उसमें सतरा बाकी हैं. सतरा में नहीं आया तो सत्तर में भी नहीं आएगा. सूरज निघाल्याबिगर बटन दाबू नको. हात हलला की सारं धुक्कड. सांस रोकनी पडती है. आणि मागचं झाकन काही झालं तरी खोलू नको.' त्यानं मला अंगणातल्या शेवग्यावर नेम धरायला लावला, बटन न दाबता, पन्नासदा. अमावसेला अकरा दिवस उरले होते.

मोह गळायला लागला होता, ते माझ्या पथ्यावर पडलं. पहाटे टोपली घेऊन मोहाची फुलं वेचायला पोरीबाया जातातच. टोपलीच्या तळाशी टॉवेलात कॅमेरा. पहिले चार दिवस मी पलीकडच्या काठानं झाडन् झाड पाहत फिरले. मान मोडून आली. आवाज यायचा तो इकडून आल्यासारखा, आणि मी तिकडं पोचले की आणखी दुरून. सात फोटो काढले. फांदी. दुसरी फांदी. एक मोठी भुरी सावली, जी बहुतेक माझ्या डोळ्यांचा भास होता. प्रत्येक खटक्यासरशी एक फोटो कमी होत होता, पण बोट थांबायचं नाही. पाचव्या दिवशी भागरता बुढीनं मला पाहिलं. ती ढीवर, सकाळी कमरेएवढ्या पाण्यात उतरून हातजाळीनं झिंगे धरायची. तिनं माझा सगळा खेळ पाण्यातून बघितला होता.

'का शोधून राहिली वो पोरी?'

'घुबड.'

ती भ्याली नाही, हसली. 'तू वर पाहून राहिली, म्हनून दिसत नाही. पाखरू शोधाचं त त्याचं हागनं शोध. मानूस असो का पाखरू, खाली ठेवल्याबिगर ऱ्हात नाही.'

तिनं मला जंगलाच्या बाजूच्या खाचेत नेलं. तिथं अर्जुनाचं, आमच्याकडे ज्याला कहू म्हणतात ते, जुनं जाड झाड पाण्यावर कललेलं होतं. खाली काळा सपाट दगड, आणि त्यावर चुन्याचे फराटे ओढल्यासारखी पांढरी घाण. भोवती खेकड्यांची कवचं, बेडकांची हाडं, माशांचे खवले. भागरतानं एक कवच उचलून माझ्या हातावर ठेवली. 'हे त्याचं जेवन. मानूस नाही खात ते. मी तीस वरसं या पान्यात हावो. माह्यं नाव त्यानं हजारदा आयकलं असंल. मी वारली का?' मी घरी येऊन हे आईला जसंच्या तसं सांगितलं. आई छताकडे बघत म्हणाली, 'तिचं नाव घेतेच कोन? सारे बुढीच मनतेत.' शब्दांनी हे काम होणार नव्हतं.

मग मी त्या दगडासमोर, वीस पावलांवर, करवंदीच्या जाळीत बसायला लागले. भागरतानं नियम घालून दिले होते: अंधारात येऊन बसायचं, लुगड्याचा तुकडा डोक्यावरून घ्यायचा, खोकायचं नाही, मच्छर चावले तरी हात हलवायचा नाही. दोन फांद्यांच्या बेचक्यात कॅमेऱ्याची नळी. पहिल्या सकाळी ते आलंच नाही. दुसऱ्या सकाळी आलं, अंधारातच, आणि फटफटायच्या आत गेलं. पंखांचा आवाज नाही, फक्त डोक्यावरचा वारा हलला. तिसऱ्या सकाळी उजेड होता, ते होतं, आणि माझा हात असा कापत होता की नळी बेचक्यात खटखट वाजली. पाच फोटो. मामाजींचं सगळं शिकवणं पाण्यात. घरी येताना मी वाटेत बसून रडले आणि मग रिकामी टोपली घरी कशी न्यायची म्हणून दुसऱ्यांच्या मोहाखालची फुलं उचलली. त्या दिवशी आईनं पेजेलाही तोंड लावलं नाही. बाबूजी रात्रभर तिच्या खाटेच्या पायाशी बसून होते. पाच फोटो उरले होते आणि तीन दिवस.

आता नागझिऱ्याला पाहुणे येतात. पायाएवढ्या लांब लेन्सा, हिरवे कपडे, जीप. आमच्याच गावची दोन पोरं गाइड आहेत. चांगली पोरं, पाखराची नावं इंग्रजीत सांगतात. त्यांना मी एकदा विचारलं, अस्वल जवळ आलं तर काय करता? म्हणाले, जीपमध्ये बसून राहतो. बरोबरच आहे. मला जीप नव्हती.

त्या सकाळी मी बसले तेव्हा अजून चांदण्या होत्या. हळूहळू पाणी दिसायला लागलं, मग दगड, मग कहूचं खोड. भागरताची काळी आकृती दूर पाण्यात, कमरेवर टोपलं बांधून. आणि मग मला माझ्या उजव्या हाताला मोहाखाली आवाज आला. सुपात धान्य पाखडताना तोंडानं फुंकर मारतात तसा. फू, फू, चप, चप. आधी वाटलं कुणी बाई फुलं वेचतेय. मान न हलवता डोळे फिरवले. काळं, झिपरं, छातीवर पांढरा पट्टा. अस्वल. पंधरा पावलं. ते फुलं खात होतं, नाकानं पाला उडवून एकेक फूल ओढून घेत होतं. वारा पाण्यावरून माझ्याकडे येत होता. पुढं जरा वळला असता तर माझा वास थेट त्याच्या नाकात गेला असता. मोहाखाली फाडलेली माणसं मी पाहिली होती. आमच्या शेजारच्या काकाजींचा एक गाल अस्वलानं नेलेला होता, ते डाव्या बाजूनं पाणी पीत.

तेव्हाच घुबड दगडावर उतरलं. आकाशातून कुणी घोंगडं टाकावं तसं, आवाज न करता. सूर्य नुकताच पाळीवर आला होता आणि पहिलं ऊन बरोबर त्या दगडावर. केवढं मोठं ते! भुरं, गळ्याखाली काड्यांसारख्या रेघा, डोक्यावर दोन पिसांचे तुरे आणि डोळे हळदीसारखे पिवळे. पंजात तडफडणारा मासा. आणि मला इतके दिवस जे कधी दिसलं नव्हतं ते तेव्हा दिसलं: खोडाच्या खालच्या बेचक्यात राखाडी कापसाचा गोळा हलला, त्याला चोच फुटली, आणि तो सरकत सरकत दगडावर उतरला. पिल्लू.

मी एका डोळ्यानं नळीतून घुबड पाहत होते आणि दुसऱ्या डोळ्याच्या कोपऱ्यात अस्वल होतं. बटन दाबलं की खटका वाजणार. त्या कॅमेऱ्याचा खटका काही आजच्यासारखा गुळगुळीत नव्हता. कुलूप उघडल्यासारखा वाजायचा. अस्वलाला डोळे कमी, पण कान असतात. नाही दाबलं तर हे ऊन, हे पिल्लू, हा मासा पुन्हा एका जागी यायचं नाही, आणि अमावस परवा. मी आईचा विचार केला असं लिहिलं तर शोभेल. खरं म्हणजे मी कसलाच विचार केला नाही. श्वास धरला आणि दाबलं.

खटक्! फू-फू थांबलं. घुबडानं डोकं सरळ माझ्याकडे वळवलं. मी रोल पुढं ओढून पुन्हा दाबलं. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं. पिल्लानं चोच उघडली, घुबडानं मासा तिच्यात दिला, मी तिसऱ्यांदा दाबलं. आणि अस्वल एकदा हुंकारून माझ्या जाळीकडे यायला लागलं. माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. निघाला तो पाण्यातून. भागरतानं टोपल्यातला ॲल्युमिनियमचा डबा काढून जवळच्या खडकावर आपटायला सुरुवात केली होती, धडाधड, आणि बेंबीच्या देठापासून ओरडत होती. काय ओरडत होती? 'देवका! ए देवका! हालू नोको देवका!' उजाडलेलं होतं, नाव घ्यायला हरकत नव्हती. तरी ते नाव त्या पाण्यावर ऐकून मला अस्वलाइतकंच भय वाटलं. अस्वल थबकलं, डब्याकडे वळलं, चारही पायांवर आलं आणि पाला तुडवत जंगलात शिरलं. भागरता चिखल तुडवत आली तेव्हा मी तशीच बसले होते, बोट बटनावर. तिनं मला आधी थोबाडीत मारली. मग जवळ घेतलं.

फोटो कॅमेऱ्यात होते, कॅमेरा गावात आणि मामाजी गोंदियाला. एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती निरोप, औषधं, लोणच्याच्या बरण्या, सगळं जायचं. मी कॅमेरा टॉवेलात गुंडाळून जेवणाच्या मोठ्या डब्यात घातला, वर चिठ्ठी. 'का हाये यात?' ड्रायव्हरनं विचारलं. सांभाळून न्यावं म्हणून मी म्हटलं, 'अंडे.' त्यानं मान डोलावली आणि डबा आपल्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर ठेवला. ते झाकण चैत्राच्या तोंडावर तव्यासारखं तापतं. मी तोंड उघडेपर्यंत गाडी सुटली होती. पुढचा दीड दिवस मी काय केलं ते मला आठवत नाही. भात करपवला एवढं आठवतं.

अमावसेला दुपारी जाळंवाला आला. सपरीत, ओसरीवर बसला, बांबूच्या कामट्या आणि जाळं शेजारी ठेवून चहा बशीत ओतून प्याला. सभ्य माणूस होता. 'दिवे लागनीले उरकतो,' म्हणाला. आत आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. मी दोन घागरी भरून आणल्या, गरज नसताना. पाळीवर जाऊन रस्ता पाहिला. तीनची एसटी चारला आली आणि मामाजी उतरला.

'अंडे तेरे उबलते उबलते बचे,' एवढंच बोलला आणि पाकीट माझ्या हातात दिलं. मी ते आईच्या खाटेवर उलटं केलं. आधी नवरा-नवरी. हार घालताना, हात धुताना, वरमाय रुसलेली. मग माझ्या फांद्या, माझी धुक्कडं. आणि शेवटी तो. एकच नीट आला होता, तिसरा. ऊन, दगड, मासा, पिल्लाची उघडी चोच आणि आमच्याकडेच पाहणारे दोन पिवळे डोळे.

आईनं तो दोन्ही हातांनी धरला. उजेड कमी पडला म्हणून खाटेवरून उतरली आणि भिंत धरत दाराशी आली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

'हेच का?'

'हेच.'

तिनं बोट फोटोवर ठेवलं, डोळ्यांवर नाही, पिल्लावरही नाही, खाली. 'इच्या पायाले पिसं नाहीत.' मी कधी पाहिलंच नव्हतं. पाय गुडघ्यापर्यंत उघडे, खरखरीत, चिखलानं माखलेले. 'धानाच्या रोवनीतल्या बाईवानी लुगडं खोचून उतरली हे,' आई म्हणाली. मग बोट पिल्लावर सरकलं. 'इले त लेकरू हाये. लेकराचं पोट भरता भरता जीव जात असंल इचा. हे माह्यं नाव कायले घोकंल? कवा घोकंल?' आणि ती हसली. हसताना खोकला आला, खोकल्यातून पुन्हा हसली. दाराची चौकट धरून उभी होती आणि चिडूनच म्हणाली, 'मी आपली उगाच मरून राहिली होती.'

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, 'आई, हाक मी मारली होती.' बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. आईनं नाही. 'मले मालूम हाये,' म्हणाली, 'मी तिथंच त होती.' मग बाबूजींकडे वळली. 'आयकून राहिले का? त्या मानसाले भात वाढा आन् धाडून द्या. आन् ते गोळ्यांचं डबं काढा.' बाबूजी उठले ते फळीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले, आणि डबा काढायला त्यांना फार वेळ लागला.

गोळ्यांना पुढं दीड वर्ष लागलं. एकही ढोलीत गेली नाही. मी तिला तोंड उघडायला लावून बघत असे. त्यानंतर ती अठ्ठावीस वर्षं जगली, मला चटणी वाटायला शिकवली आणि माझी चटणी शेवटपर्यंत नावाजली नाही. आज पाळीवर उभं राहिलं की तिरोड्याच्या वीज कारखान्याच्या चिमण्यांचे लाल दिवे पाण्यात दिसतात. कहू अजून आहे. फोटो आजोबांच्या शेजारी टांगला आहे. कडा पिवळ्या पडल्या, पण पाय स्पष्ट दिसतात.

पण मला सांगायचं आहे ते त्याच संध्याकाळचं. भागरताला फोटो दाखवायला म्हणून मी पाळीवर गेले होते. ती घरी निघून गेली होती. पाण्यावर अंधार उतरत होता, गावात दिवे लागले होते, आमच्याही दारात कंदील दिसत होता. तेव्हा त्या कंदिलाशेजारून हाक आली. बारीक, दम लागलेली, पण साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी. टोपली नाही.

'देवकाऽऽ! ए देवकाऽऽ!'

पाण्यावरून माझं नाव परत आलं. मग पलीकडच्या कहूवरून ते बोललं, हूऽऽ, हू-हू. मी फोटो छातीशी धरून उभी होते. ओ द्यायला तोंड उघडलं होतं, आणि मिटून घेतलं. तिनं आणखी एकदा हाक मारावी म्हणून.